ए टू बी

लॉयड : काका, वायर दीड मीटरची लागते. दीड. टेबलाच्या ह्या टोकाला प्रिंटर, त्या टोकाला तुमचा लॅपटॉप. ह्याच्यात सोसायटीची परवानगी कुठून आली?

चिंतामणी : ए विंगमधून बी विंगमध्ये वायर न्यायची तर परवानगी लागणारच. बत्तीस वर्षं पाणीखात्यात काढली मी. नळाला चावी बसवायची तरी अर्ज घ्यायचो.

लॉयड : पण बी विंगमध्ये न्यायला सांगितलं कोणी?

चिंतामणी : लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने. मी नुसतं म्हटलं, फोटो छापायच्या प्रिंटरला वायर पाहिजे. पत्ता सांगितला नाही, नाव सांगितलं नाही. तो मान वर न करता म्हणाला, "ए टू बी ना?" मी चाट पडलो. म्हटलं, हो, ए टू बीच, पण तुम्हाला कसं कळलं? तर म्हणे, सगळ्यांना तीच लागते.

कालिंदी : हसत आले घरी. इथे राहायला आल्यापासून आठ महिन्यांत पहिल्यांदा. मला म्हणाले, अगं, सगळ्या मुंबईत हेच झालंय. सगळ्यांच्या चाळी पाडल्या, सगळ्यांचे शेजारी दुसऱ्या विंगमध्ये फेकले, म्हणून कंपनीने वायरच तशी काढली. मला पण पटलं, खोटं कशाला बोलू.

लॉयड : काकी, ए आणि बी ही पिनांची नावं आहेत. ही बघा, चपटी. ही ए. ही लॅपटॉपला. आणि ही चौकोनी, ही बी. ही प्रिंटरच्या पाठीत. ए टू बी. संपलं.

चिंतामणी : हे तू आज सांगतोस. अर्ज गेल्या महिन्यात गेला.

लॉयड : काय लिहिलं होतं अर्जात?

चिंतामणी : "ए टू बी केबल टाकणेस ना-हरकत मिळणेबाबत." तीन प्रती. एकीवर पोच घेतली.

कालिंदी : पोच घेतली ती बरीच झाली, कारण त्याच्यावर खास सभा लागली. क्लब हाउसमध्ये. चाळीत गणपतीच्या वर्गणीवरून भांडायला जिन्यात उभे राहायचे सगळे, तेच सगळे आता एसीत बसून भांडले. तो हर्षवर्धन सेक्रेटरी अर्ज वाचायला उठला आणि बी विंगची अंबिका त्याच्याआधी उभी. म्हणाली, कायम ए टू बी का? पाणी आधी ए ला, रंग आधी ए ला, गॅसची लाइन आधी ए ला. आता वायर पण ए कडून निघणार आणि आमच्याकडे येऊन संपणार. आम्ही काय शेपूट आहोत का?

लॉयड : यूएसबीवर बोलली हे?

कालिंदी : कशावर बोलतेय ते तिलाही माहीत नव्हतं. टाळ्या पडल्या. मग दुरुस्ती आली. ठराव झाला की केबल बी टू ए समजावी.

चिंतामणी : मला चाललं असतं. मी तसं उभं राहून सांगितलंही. पण तेवढ्यात सी विंगचा गणपत उठला. म्हणे, सी विंगला डावलून कुठलीही केबल टाकली तर आम्ही कोर्टात जाऊ. आता सी चा काय संबंध? मी त्याला भर सभेत गाढव म्हटलं.

लॉयड : काका, सी पण असते.

चिंतामणी : काय असते?

लॉयड : टाइप सी. तुमचा फोन ज्याने चार्ज करता ना, ती. ए, बी, सी, तिन्ही असतात.

चिंतामणी : म्हणजे गणपत बरोबर होता.

कालिंदी : त्याला गाढव वायरीवरून नव्हतं म्हटलं तुम्ही. लिफ्टमध्ये मासळीची पिशवी न्यायला बंदी घातली, तेव्हा त्याने हात वर केला होता. त्याचा राग होता तो. ज्याचा बाप ससून डॉकवर टोपली उचलायचा, त्याने हात वर केला.

लॉयड : ओके. ऐका. मला साडेसातला निघायचंय, घरी बॉक्सेस पडलेत. हा प्रिंटर तुमच्या स्पृहाने पाठवला ना पुण्याहून? चांगला आहे. ह्याच्यात वायफाय आहे. वायरच नको. फोनवरून मारा फोटो.

चिंतामणी : वायफाय बंद केलंय. त्याचं नाव काढू नकोस.

लॉयड : का?

कालिंदी : सांगते. आला त्या दिवशी स्पृहाने फोनवरून सांगितलं तसं चालू केला. आम्ही दोघं समोर खुर्च्या टाकून बसलो, की आता नातीचा फोटो येणार. घर्र घर्र केलं आणि एक टकल्या बाहेर आला. निळा शर्ट, टाय. पासपोर्ट फोटो. एक नाही, सोळा. एका कागदावर सोळा टकले.

लॉयड : कोणीतरी शेजारच्याने त्याच्या फोनवरून मारला असणार. पासवर्ड टाकला नव्हता तुम्ही. त्याला वाटलं, त्याच्याच घरातला प्रिंटर.

कालिंदी : ते आम्हाला काय कळणार? मला आधी वाटलं, हा वारला असेल. नाहीतर एवढे फोटो कशाला? मग हे तो कागद घेऊन लिफ्टमध्ये उभे राहिले. वर-खाली, वर-खाली, दोन तास. येईल त्याला विचारायचे, ह्यांना ओळखता का? कोणी ओळखेना. कोणी म्हणालं बँकवाला असेल, कोणी म्हणालं बिल्डरचा माणूस. एका बाईने तर वॉचमनला फोन केला, की एक म्हातारा लिफ्टमध्ये कोणाला तरी शोधतोय, पोलिसात देऊ का?

लॉयड : मग सापडला?

चिंतामणी : सतराशे चार.

लॉयड : म्हणजे?

चिंतामणी : म्हणजे हे समोरचं दार. आपलं सतराशे तीन, त्याचं सतराशे चार. आठ महिने आमच्या दारासमोर राहतोय. मी त्याचं दार वाजवून त्यालाच त्याचा फोटो दाखवला आणि विचारलं, ह्यांना ओळखता का?

लॉयड : काय म्हणाला?

चिंतामणी : म्हणाला, तुम्ही कोण?

कालिंदी : चाळीत कोणाच्या घरात किती बनियन आहेत ते पाठ होतं आम्हाला. वाळत घातलेले दिसायचे. इथे कपडे बाहेर वाळत घातले तर दंड. माणसाचं तोंड दिसत नाही, कपडे दिसत नाहीत. दिसतं काय, तर दाराबाहेर ठेवलेली कचऱ्याची पिशवी.

चिंतामणी : म्हणून वायफाय नको. वायफायवर कोण कुठून घरात शिरेल, सांगता येत नाही. वायरीच्या त्या टोकाला कोण आहे ते माहीत असतं.

लॉयड : ठीक. वायर. मग यूएसबी लावतो आणि जातो.

चिंतामणी : ती किती लांब येते?

लॉयड : दीड, तीन. जास्तीत जास्त पाच मीटर. त्याच्यापुढे सिग्नल मरतो.

चिंतामणी : आणि ते दुसरं भोक कसलंय? चौकोनाच्या शेजारी. दुकानदार म्हणाला होता, लांब जायचं तर ते.

लॉयड : लॅन. ऑफिसात लावतात. ती शंभर मीटर जाते. पण तुम्हाला कशाला? एक लॅपटॉप, एक प्रिंटर, एक टेबल. लॅन म्हणजे पलीकडच्या फुटपाथवर जायला टॅक्सी.

चिंतामणी : समोरच्या विंगमध्ये अडतीस मीटर आहे. मी पावलं टाकून मोजलंय. वॉचमनने हटकलं, म्हटलं मॉर्निंग वॉक करतोय. आमच्या किचनची खिडकी सतराव्या मजल्यावर, तुझ्या पप्पाची पंधराव्या. समोरासमोर. दोन मजल्यांचा उतार.

लॉयड : काका.

चिंतामणी : केबलवाले टाकतात की इकडून तिकडे. अख्ख्या लालबागवर वायरींची जाळी आहे. त्यांना कोणी विचारत नाही, बी टू ए की ए टू बी.

लॉयड : काका, पप्पा रविवारी वसईला चाललेत. माझ्या बहिणीकडे, जेनेलकडे. कायमचे. तुम्हाला माहीत आहे. टेम्पो सांगितलाय, सकाळी नऊला. वायर लावून त्या टोकाला बसणार कोण?

कालिंदी : त्याच्याच कॉम्प्युटरमध्ये सगळे फोटो आहेत रे. चाळीस वर्षांचे. आमचं लग्न, स्पृहाचं बारसं, तुझा बाप्तिस्मा. तूच स्कॅन करून दिलेस त्याला.

लॉयड : मी पेनड्राइव्हवर देतो. उद्या. एक हजार फोटो, दहा हजार, काय पाहिजे ते. पाच मिनिटांचं काम.

चिंतामणी : पेनड्राइव्ह तू आणून देणार.

लॉयड : हो, मी.

चिंतामणी : तेच.

लॉयड : काय तेच?

कालिंदी : तुला चाळीतलं भोक आठवतं का रे? तू लहान होतास. आमच्या खोलीच्या आणि तुमच्या मोरीच्या मधल्या भिंतीत, वर, एका विटेचं.

लॉयड : थोडं थोडं. मम्मी त्याच्यातून तुम्हाला नारळ द्यायची.

कालिंदी : नारळ नंतर. आधी फोटो. तुझ्या पप्पाने मोरीत काळा पडदा लावून डार्करूम केली होती. लालबागच्या स्टुडिओतली नोकरी आटोपून आला की घरी वेगळं धुवायचा, चाळीतल्या लोकांचं. पण पंखा तुमच्याकडे नव्हता, आमच्याकडे होता. म्हणून वाळवायची दोरी आमच्या खोलीत. तो तिकडून ओला फोटो भोकातून सरकवायचा, हे स्टुलावर उभे राहून घ्यायचे आणि चिमट्याने दोरीला लावायचे. माझं नवं लग्न झालेलं. मी झोपायचे त्याच्यावर सगळ्या चाळीची तोंडं टपटपत असायची.

चिंतामणी : पण केव्हाही हात घालायचा नाही. आत काळोख असताना भोकावरचं फडकं हललं तरी शिव्या. कागद मेला म्हणायचा. कोरे कागद डब्यात घालून लाल बल्ब लावला की तो आतून ओरडायचा, "चिंत्या, लाल हाय, घे."

लॉयड : काका, मी एक बोलू? वाईट वाटलं तर वाटू दे. हे सगळं भोक-बिक ठीक आहे. पण पप्पा आठ महिने त्या घरात एकटे बसलेत. मम्मी तर घर मिळायच्या आधी ट्रान्झिट कॅम्पातच वारली. मी सकाळी आठला निघतो, रात्री येतो. एकदाही कोणी वर आलं नाही. तुम्ही पण नाही. अडतीस मीटर तुम्ही पावलांनी मोजले, चाललात मात्र नाही. आता माणूस चाललाय तर वायर पाहिजे तुम्हाला.

कालिंदी : लॉयड, तोंड सांभाळ.

चिंतामणी : बोलू दे त्याला. मग मी बोलतो. तुझी मम्मी, व्हायोला, गेली तेव्हा मी होतो. बिल्डरवाले तीन वर्षांत घर देतो म्हणाले, नऊ लावली. नवव्या वर्षी चावी दिली ती तिच्या नावाची. तुझ्या बापाने ती तिच्या फोटोच्या खिळ्याला अडकवली, तेव्हा स्टूल मी धरलं होतं. आणि मी आलो नाही म्हणतोस? तीनदा आलो. तुझ्या बी विंगच्या दारात मशीन घेऊन बसलेला असतो तो वॉचमन. त्याला विंग सांगा, फ्लॅट सांगा, कोणाला भेटायचंय सांगा, माझा फोटो काढणार, मग वर तुझ्या पप्पाच्या फोनवर विचारणार की सोडू का. मी, चिंतामणी, तुझ्या बापाकडे, कास्मीरकडे जायला वॉचमनला फोटो देऊन उभा.

लॉयड : ते ॲप आहे, सगळ्यांना आहे. मग?

चिंतामणी : मग वॉचमन म्हणतो, "साहेब, मना किया है." पहिल्यांदा म्हटलं, झोपला असेल, चुकून दाबलं. दुसऱ्यांदा शुक्रवार होता, त्याचा मासळीचा वार, म्हणून त्याच्यासाठी बोंबलाची चटणी नेली होती हिने केलेली. परत मना. तिसऱ्यांदा मी वॉचमनच्या हातातून मशीन घेऊन स्वतः बघितलं. लाल अक्षरात आलं होतं. नकार. तीनदा, लॉयड. माझ्या तोंडाचा फोटो बघून त्याने तीनदा नाही म्हटलं.

लॉयड : तुम्ही फोन का नाही केला?

चिंतामणी : ज्याने दारातून परत पाठवलं त्याला फोन करू? मला वाटलं, लॉटरीत आम्हाला समुद्राच्या बाजूचं घर लागलं, त्याला समोर आमची खिडकी, म्हणून राग धरला असेल. नाहीतर एकटा राहून त्याला कोणी नकोसं झालं असेल. म्हटलं ठीक. पण फोटो तरी पाठव. तू तिकडे बस, मी इकडे बसतो, मधे वायर. तुला बोलायचं नसेल तर बोलू नको. एक बटण दाब, इथे मला फोटो येईल, मी घेईन. एवढंच पाहिजे होतं मला.

लॉयड : थांबा. थांबा जरा. पप्पा काय म्हणतात माहीत आहे? ते म्हणतात, चिंत्या खाली येतो, फोनमध्ये त्याचं तोंड दिसतं, मी बटण दाबतो, दार उघडून उभा राहतो, आणि तो येतच नाही. अर्धा तास दारात उभे राहिले होते एकदा. मला म्हणाले, खालूनच बघून जातो तो. मोठा माणूस झाला, समुद्र दिसतो त्याला.

कालिंदी : दार उघडून उभा राहतो?

लॉयड : हो. मी म्हटलं, बटण बरोबर दाबता ना? म्हणाले, बरोबर दाबतो.

(समोरच्या विंगमध्ये, पंधराव्या मजल्याच्या खिडकीत लाल दिवा लागतो.)

कालिंदी : बघ, लावला. रोज सात वाजले की लावतो तो लाल दिवा. आधी मला वाटलं आग. वरच्या बाईंनी तर कमिटीकडे तक्रार केली, की असले दिवे कुठल्या वस्तीत लावतात.

चिंतामणी : मला वाटायचं, मला दाखवायला लावतो. की बाबा, लाल आहे, लांब राहा.

लॉयड : डार्करूमचाच बल्ब आहे तो. नऊ वर्षं ट्रान्झिटमध्ये पेपरात गुंडाळून जपला. मी विचारलं, पप्पा, आता काय धुवायचंय? तर म्हणाले, असू दे, समोरच्याला कळेल.

कालिंदी : अहो.

चिंतामणी : ॲपमध्ये दोन बटणं असतात ना रे?

लॉयड : दोन. हिरवं म्हणजे सोडा. लाल म्हणजे...

चिंतामणी : लाल म्हणजे घे.

लॉयड : काय?

कालिंदी : चाळीस वर्षं त्याला लाल म्हणजे सगळं ठीक आहे, हात घाल. पांढरा, हिरवा, दुसरा कुठलाही लागला तर कागद मेला. आणि तू त्या माणसाच्या हातात फोन दिलास आणि सांगितलंस, माणूस आत घ्यायचा तर हिरवं दाब.

लॉयड : सांगितलं पण नाही, काकी. मी म्हटलं, सोपं आहे, बघा तुम्हीच.

चिंतामणी : तीनदा. तीनदा तो मला "घे" म्हणत होता.

कालिंदी : आणि तुम्ही बोंबलाची चटणी परत आणून माझ्यावर डाफरलात, की ह्याच्यात तेल जास्त झालंय.

चिंतामणी : लाव फोन त्याला. नाही, तू लाव. माझा आवाज ऐकून अजून काहीतरी दाबेल.

लॉयड : लावतो. हॅलो, पप्पा. हां, काकांकडेच आहे. नाही, प्रिंटर चांगला आहे. पप्पा, ऐका, ते खालून कोणी आलं की तुम्ही कुठलं बटण दाबता? हां. हां, लाल. का? बरं. नाही, काही नाही झालं. पप्पा, ते उलटं आहे. इथे उलटं आहे. हिरवं म्हणजे आत. हो, मला माहीत आहे. हो, ज्याने बनवलं तो गाढव आहे. हो, सांगतो. ठेवतो.

चिंतामणी : काय म्हणाला?

लॉयड : आधी हिरवं म्हणजे आत, असं दोनदा घोकलं. मग विचारलं, तिन्ही वेळा चिंत्या खालून परत गेला? मी म्हटलं हो. म्हणाले, चटणी कुठली होती?

कालिंदी : आहे अजून. डबा भरून देते.

लॉयड : बरं, मग झालं ना काका. आता तुम्ही हवं तेव्हा जा. ते हिरवं दाबतील. म्हणजे वायरीची भानगड मिटली. ही यूएसबी लावून देतो, दीड मीटर, तुमचं टेबल, तुमचा लॅपटॉप. नातीचे फोटो मारत बसा.

चिंतामणी : ती पाच मीटरच्या पुढे जात नाही म्हणालास.

लॉयड : नाही जात.

चिंतामणी : आणि लॅन शंभर.

लॉयड : शंभर. पण आता लागतेय कशाला?

चिंतामणी : शंभर मीटरमध्ये बी विंग होते. खिडकीतून खिडकीत अडतीस, त्याच्या टेबलापर्यंत पंचेचाळीस धर. गाठीबिठी मारून पन्नास.

लॉयड : होते. टेक्निकली होते. त्यांच्या कॉम्प्युटरला एक टोक, ह्या भोकात एक टोक. ते तिकडे प्रिंट दाबतील, इकडे फोटो बाहेर येईल. पण काका, कमिटी वायर कापून टाकेल.

कालिंदी : कापू दे. मी अंबिकाला सांगेन, बी टू ए आहे, तुमच्याच ठरावाप्रमाणे आहे, तुमच्याकडून निघाली आहे. तीच राखण करेल.

चिंतामणी : लॉयड, ती वायर वसईला पुरते का?

लॉयड : वसईला? काय काका. शंभर मीटर. चिंचपोकळी स्टेशनपर्यंत पण नाही पुरत.

चिंतामणी : मग तीच टाक.

कालिंदी : ऐकलंस ना? आता बोल. तू टाकणार का कोणी माणूस बघू?

लॉयड : मीच टाकतो. बाहेरची जाड वायर लागेल, पावसाची. पण कामाच्या दिवशी नाही जमणार, मला फक्त रविवार मिळतो.

कालिंदी : रविवारी तुझा टेम्पो आहे ना, सकाळी नऊला?

लॉयड : एवढी वायर ओढायला दिवस जातो, काकी. आणि त्या टोकाला धरायला पप्पा लागतील.